साडेअकरा किलो

वडशाच्या दुकानात
दुकानदार वॅट सांगत होता,
तीनशे, पाचशे, हजार,
काट्याकडे न बघता धान मोजावं तसे.
मी म्हटलं, भाऊ, वजन सांगा.

वजन कोणी विचारत नाही, म्हणाला.
मग एकदा चाला आमच्यासोबत.
फाट्यावर सोडून जाणारी एसटी
मागे वळून बघत नाही.
तिथून गाव दीड कोस,
पेटी माझ्या डोक्यावर,
ढोलक झिटरूजींच्या पाठीवर,
आणि इंदिराला सातवा महिना,
तिच्याकडे फक्त खंजिरी, पाण्याची बाटली.

आजवर डेकोरेशनवाल्याचा सेट यायचा, ट्रॅक्टरवर.
त्याचं भाडं आमच्या बिदागीहून दोनशे जास्त.
त्या बॉक्सनं छाती हलायची, शब्द हलायचा नाही.
पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या आधी मागे सरकायच्या,
मग घरी जायच्या.
झिटरूजींचा डावा कान त्यातच गेला.

त्याच्याही आधी नुसता गळा होता.
गळ्याला भाडं नव्हतं.
मग गाठ आली.
नागपूरच्या डॉक्टरनं आत आरसा घालून पाहिलं,
म्हणाला, ओरडणं बंद करा बाई.
मी गाते, म्हटलं.
तो म्हणाला, मग लोकांना जवळ बसायला सांगा.

पहिला बॉक्स चाकांचा.
ओढत न्या, दुकानदार म्हणाला.
धुऱ्यावर चाक चालते का जी?
दुसऱ्याच्या पोटात रंगीत लाइट, गरगर फिरणारे.
इंदिरा म्हणाली, पोट्टे लाइट पाहतीन,
मग आमाले कोन पाहीन?
तिसरा साधा. वर मूठ, खाली रबर,
खोक्यावर लिहिलेलं: आठ किलो.

समोर राइस मिल होती. नेऊन काट्यावर ठेवला.
साडेअकरा.
दुकानदार म्हणाला, आठ म्हणजे बॅटरी सोडून.
आणि लाइन गेल्यावर?
तो गप्प झाला,
हमालांपैकी कोणीतरी हसलं.

तिथेच, मिल चालू असतानाच, लावून पाहिला.
झिटरूजींना रस्त्यापलीकडे उभं केलं,
पानठेल्याजवळ, उजवा कान इकडे करून.
शब्द कळला की हात वर करा.
मी श्वास घेतला
आणि त्यांचा हात वर.
अजून गायलेच नव्हते मी!
बावीस वर्षं माझ्या खांद्याकडे बघून
थाप टाकणारा माणूस.
पाठ करा, मी ओरडले,
आणि ओरडल्याचं वाईट वाटलं.

पाठ केली त्यांनी.
तांदळाचा ट्रक गेला. हात खालीच.
दुकानदार बटणाकडे आला, मी त्याला थांबवलं.
माइक हनुवटीपाशी घेतला,
आवाज उलट कमी केला,
घरात कोणाला तरी उठवावं तेवढा.
हात हळूहळू वर गेला,
खांद्यापर्यंतच, खात्री नसल्यासारखा.

काय ऐकलं?
"उद्या."
मी "उजेड" म्हटलं होतं.
चालते, म्हटलं. दोन्ही येतात गाण्यात.

नऊ हजार दोनशे.
माइकची वायर त्यात, स्टँड नाही.
स्टँडचं झिटरूजी बघतील, बांबू आहे घरी.
खोळ इंदिरा शिवणार, जुन्या गोधडीची,
बाळाचं उरलं तर.

बसमध्ये कंडक्टर म्हणाला, सामान टपावर.
मी मांडीवर घेतला.
लाखांदूरपर्यंत दोन्ही पाय बधिर,
उतरताना जमिनीवर पाऊल टेकलं की नाही कळेना.
इंदिरा हसत होती, म्हणाली,
मले विचार ना, कसं वाटते ते.

रात्री अंगणात पुन्हा लावला.
कुत्रं भुंकलं, मग बसलं.
शेजारच्या सुमनताईंनी खिडकी उघडली, बंद केली नाही.

शनिवारी बारसं आहे, नदीपलीकडे.
पाळण्याच्या एवढ्या जवळ
आवाज किती ठेवायचा,
ते दुकानात विचारायचं राहून गेलं.